घड्याळ नसताना मठातले साधू रात्री दोनला उठायचे कसे?

धुळाक्षर:
मध्ययुगीन युरोपातल्या मठांबद्दल वाचतोय. सगळीकडे मॅटिन्स, लॉड्स, प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन, व्हेस्पर्स, कॉम्प्लाइन अशी दिवसरातच्या आठ प्रार्थनांची यादी आणि पुढे रात्री २, पहाटे ५, सकाळी ६, ९, १२ असं टाइमटेबल चिकटवलेलं असतं. पण सहाव्या शतकात घड्याळ कुठून आलं? आणि एवढ्या रात्री उठवायचं कोण? विकिपीडियाची लिंक नको प्लीज, ती वाचून झालीये.

माळावरची_वाट:
ते आकडे आजच्या वाचकाच्या सोयीसाठी टाकलेत, शब्दशः घेऊ नका. हिशोब रोमन लोकांचा, सूर्योदय ते सूर्यास्त याचे १२ भाग आणि रात्रीचेही १२, मग दिवस कितीका मोठा असेना. प्राइम पहिला तास, टर्स तिसरा, सेक्स्ट सहावा म्हणजे बरोब्बर माध्यान्ह, नोन नववा. आता लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो म्हणजे त्यांचा एक तास आपल्या ८० मिनिटांच्या वर जातो आणि डिसेंबरात तोच ४० मिनिटांवर येतो, त्यामुळे ‘टर्स म्हणजे ९’ हे मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासच खरं.

काटकोन७:
थोडक्यात आपल्या प्रहरांसारखंच, दिवसाचे चार नि रात्रीचे चार, ऋतूप्रमाणे लहानमोठे.

पोथीवाला:
उठवायचं कोण, तर संत बेनेडिक्टच्या नियमावलीत (सहावं शतक, इटलीतलं मोंते कासिनो) वेळेचा इशारा द्यायची जबाबदारी सरळ मठाधिपतीवर टाकलीये, त्याने स्वतः द्यावा नाहीतर एखाद्या जबाबदार माणसाला नेमावं. हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला उठायचं, म्हणजे अर्धी रात्र उलटून थोडी जास्त झोप मिळते. झोपायचं कपड्यांसकट, की इशारा झाला की लगेच चालू पडायचं. रविवारी उठायला उशीर झालाच तर वाचन आखूड करा आणि ज्याच्यामुळे झाला त्याने प्रार्थनागृहात प्रायश्चित्त घ्यावं असंही लिहिलंय, म्हणजे असं होत असणारच 😄 रात्री वेळ कळायची ताऱ्यांवरून. गॉलमधला (म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा) बिशप ग्रेगरी ऑफ टूर्स याने तर याच कामासाठी कुठला तारा कधी उगवतो याचं पुस्तक लिहिलं होतं. ढग आले की मग मेणबत्ती किंवा पाण्याचं घड्याळ. इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्सच्या मठात ११९८ साली आग लागली तेव्हा काहीजण पाण्यासाठी विहिरीकडे धावले नि काही घड्याळाकडे, हे तिथल्याच एका साधूने लिहून ठेवलंय.

धुळाक्षर:
घड्याळाकडे!! भारीच. पण मग गावातले साधे लोकही दिवसातून आठ वेळा प्रार्थना करायचे का?

माळावरची_वाट:
नाही हो, शेतकऱ्याला एवढी फुरसत कुठली. आठवड्यात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पूर्ण करायची हे मठातलं काम, तेही लॅटिनमध्ये. सिस्टर्शियन नावाच्या साधूपंथाच्या मठांत शेती करणारे जे निरक्षर बंधू असायचे त्यांना स्तोत्रांऐवजी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना ठराविक वेळा म्हणायची मुभा होती. पैसेवाल्या घरांत पुढे छोटी प्रार्थनेची पुस्तकं आली, तेराव्या शतकापासून, चित्रांनी मढवलेली, आणि ती बऱ्याचदा बायकांसाठी बनवून घेतलेली. बाकीच्यांना घंटा ऐकू यायची, तेवढ्यावर दिवसाचा अंदाज.

पोथीवाला:
आणि १३३६ ला मिलानमध्ये सान गोत्तार्दोच्या मनोऱ्यावर चोवीस सारखे तास वाजवणारं घड्याळ लागलं. शहरांत हळूहळू तेच चाललं, मठांत मात्र जुनी नावं तशीच राहिली.