मदत हवी आहे: समुद्रघोडा आणि कमळपक्षी यांचे फोटो

नमस्कार मंडळी. मालवणातल्या आमच्या शाळेसाठी 'पिल्लांचे बाबा' असा तक्ता करतेय. एकीकडे पिवळा समुद्रघोडा, दुसरीकडे लांब शेपटीचा कमळपक्षी. समुद्रघोड्याची मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते. तिथे तो त्यांना प्राणवायू पुरवतो, पण पिल्लं बाहेर पडली की त्यांची ती. कमळपक्ष्याची मादी 4 अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं नराकडेच. धोका वाटला तर चोच आणि छातीच्या मध्ये अंडं धरून तो ते हलवतोसुद्धा! पिल्लांची राखणही त्याचीच. मला हाच बाप उजवा वाटतो.

पिशवी फुगलेल्या नराचा पाण्यातला फोटो कुणा डायव्हरकडे आहे का? समुद्रघोड्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पकडून काढलेला नको. आणि पावसाळ्यात धामापूर तलावावर कमळपक्ष्याचं घरटं कुणी पाहिलंय का?