मदत हवी आहे: प्रॉडक्ट डेव्हलपर टीमसाठी, मागणी येतेय कारखान्यांकडून. काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून नाशिकला एक छोटी कंपनी चालवतो, ऑफिस कॉलेज रोडला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमना टास्क, बग, स्प्रिंट (म्हणजे ठरलेल्या थोड्या दिवसांचा कामाचा टप्पा), रिलीज सगळं एका जागी ठेवता यावं, असं आमचं प्रॉडक्ट आहे. म्हणजे अशाच कामाचं जे जिरा (Jira) नावाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, त्याच्याच गल्लीतलं. जिरा २००२ पासून आहे आणि दहा जणांपर्यंत फुकट मिळतं, हे ठाऊक आहे. "मग तुमचं कोण घेणार?" हे घरच्यांनी कधीच विचारून घेतलंय, त्यामुळे कृपया तो प्रश्न सोडून बोला.

घेणारे आहेत. नाशिक-पुण्याकडच्या, परदेशी क्लायंटची कामं करणाऱ्या लहान सर्व्हिस कंपन्या. त्यांना टास्क सांभाळता येतात, डोकेदुखी असते ती क्लायंटची. त्याला टीमचा टास्क-बोर्ड दाखवावा तर आतली वादावादीही दिसते, न दाखवावा तर रोज रात्री एक्सेल भरून पाठवा. आमच्यात क्लायंटला वेगळी लिंक मिळते. त्यात आतल्या कमेंट आणि अंदाजाचे तास दिसत नाहीत, आणि त्या लिंकचे पैसेही नाहीत. डेमोत इथे आलं की समोरचा फोन बाजूला ठेवतो.

पण वाढ फार हळू आहे. ट्रायल घेणारे बरेच, पैसे भरणारे थोडे. शिवाय मोठ्या टीमचं वेगळंच. ३०० रुपये माणशी धरले तर साठ जणांचे महिन्याला १८,००० होतात. १५,००० च्या वरचं कार्डाचं ऑटो-डेबिट दर वेळी ओटीपी मागतं. कार्ड मालकाचं, ओटीपी मालकाच्या मोबाईलवर, आणि मालक मीटिंगमध्ये. पेमेंट फेल. मग आम्ही फोन करत बसायचं.

आता खरा पेच. ओळखीतून अंबड एमआयडीसीतल्या एका टूलरूमवाल्यांनी (कारखान्यांसाठी साचे, हत्यारं बनवणाऱ्यांनी) प्रॉडक्ट पाहिलं. म्हणाले, "हेच आमच्या जॉब कार्डला, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदपत्रकाला, लावून द्या." त्यांचं ऐकून सातपूरहूनही विचारणा आली. त्यांना मशीनवार नोंदी, डिस्पॅचची तारीख, मराठी स्क्रीन आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी हवी आहे. अ‍ॅडव्हान्स द्यायला तयार आहेत! पार्टनर म्हणतो घेऊ, पगार सुटतील. मला वाटतं, दोन डेव्हलपरपैकी एक तिकडे गेला की आपलं प्रॉडक्ट जागच्या जागी राहणार. कोणी या वळणावरून गेलंय का?

प्रतिसाद १
टॅलीवर फुली मारा. प्रत्येक कारखान्याची लेजरं वेगळी, नावं वेगळी, आणि मार्चमध्ये हिशेब जुळला नाही की फोन तुम्हालाच. घ्यायचंच असेल तर एकच गिऱ्हाईक, ठरलेली कामं, लेखी. बाकी तुमचं क्लायंट-लिंकचं प्रकरण भारी आहे. वेबसाइटवर पहिलं तेच आहे का, की तिथेही स्प्रिंट आणि बर्नडाउनच (उरलेल्या कामाचा आलेख)?

प्रतिसाद २
साठ जणांच्या टीमकडून कार्ड घेताच कशाला? वर्षाचं बिल करा, एनईएफटीने घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करा आणि नंबर बिलावर छापा. लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत गिऱ्हाईकाने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे दिले नाहीत, तर आयकर कायद्याप्रमाणे देईपर्यंत त्याला तो खर्च करात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्याचा सीए स्वतःच तुमच्या बिलाची आठवण करून देतो. टूलरूमच्या बाबतीत मी तुमच्या पार्टनरच्या बाजूने. पगार थकला तर डेव्हलपर दोन्हीकडून जाईल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. वेबसाइटवर पहिला बर्नडाउनच आहे, बदलतो. उद्यम आहे, पण बिलावर नंबर नव्हता. टूलरूमवाल्यांना टॅली वगळून विचारतो, बघू काय म्हणतात. आता एकच: वार्षिक बिलावर सूट किती द्यावी? दोन महिने फुकट असं बरेच जण देतात, पण क्लायंट-लिंक आधीच फुकट असताना ते परवडतं का?