पाच-सहा किलोमीटरनंतर बंद पडणारी जुनी मोटारसायकल

कृष्णाकाठ:
माझ्याकडे वडिलांनी १९९७ साली घेतलेली १०० सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आहे. सकाळी ती दुसऱ्या किकला चालू होते. मात्र वाईहून पसरणी घाटाला लागल्यावर पाच-सहा किलोमीटरांत आचके देऊन बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. प्लग नवा आहे, कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला आहे आणि आता मेकॅनिकने सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला सांगितले आहे. दिवाळीत टाकीला रंग दिला, तेवढे सोडले तर गाडीत काही बदललेले नाही. हा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

जुना पाना:
सीडीआय तूर्त राहू द्या. पेट्रोल खाली उतरत नसेल, तापलेली इग्निशन कॉइल ठिणगी देत नसेल किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) घट्ट असल्यामुळे गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल, तरी लक्षण हेच दिसते; आणि गाडी थंड झाली की तिघेही निर्दोष ठरतात. त्यामुळे तपासणी गाडी बंद पडलेल्या जागीच व्हायला हवी. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल बाटलीत घ्या, गरम सायलेन्सरवर सांडू देऊ नका. वाटीतला साठा संपल्यावरही धार टिकली तर पुरवठा ठीक आहे. ती थेंबांवर आली तर टाकीचे झाकण उघडा. ‘सूं’ असा आवाज होऊन धार वाढली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे असे समजा. रंगाचा उल्लेख आपण जाता जाता केलात, पण माझा संशय तिथेच आहे.

माणदेशी:
धार टिकली, तर सुटा प्लग लावून ठिणगी पाहा. मात्र त्याआधी स्क्रू आवळून सांडलेले पेट्रोल पूर्ण उडून जाऊ द्या. टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजावेत. अशा बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमी फट लागते, तरी आपल्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. टॅपेट वाजत नाहीत म्हणून लोक खूश असतात. मला मात्र जुन्या गाडीची पूर्ण शांतता काळजीची वाटते, कारण फट उरली नसेल तरी टॅपेट वाजत नाहीत.

कृष्णाकाठ:
आज घाटात गाडी बंद पडताच ड्रेन स्क्रू सैल केला. धार चार-पाच सेकंदांत थेंबांवर आली, झाकण उघडताच आवाज झाला आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागले. घरी झाकण उलटे करून पाहिले, तर छिद्रात पॉलिशचा पांढरा लगदा वाळून घट्ट बसला होता. तो केरोसीनने भिजवून क्लचच्या केबलमधल्या एका बारीक तारेने काढला आणि पाचगणीपर्यंत न थांबता जाऊन आलो. टॅपेटही मोजले, एक्झॉस्टच्या बाजूला गेजचे पाते शिरतच नव्हते, ते उद्या सकाळी सैल करणार आहे.