शांतता समितीची बैठक नेमकी कोणासाठी असते?

जुन्या_नाशकातला

परवा नाशकात आमच्या भागातल्या शांतता समितीच्या, म्हणजे सणाआधी पोलीस ठाणं गावातल्या लोकांना बोलावतं त्या, बैठकीला गेलो होतो. पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही, कारण हे एका ठाण्यापुरतं नाही. हजेरीची यादी वाचायला घेतली. चौथ्या नावाला मागून आवाज आला, "ते वारले साहेब." साहेबांनी पेनाने रेघ मारली. आणखी पाच-सहा नावं झाली आणि पुन्हा तेच. हजर होते ते बहुतेक माझ्या वयाचे, साठीपुढचे. मंडळांचे जुने अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, माजी नगरसेवक. वीस-बावीस वर्षांचा एकही मुलगा नाही. बायका दोन. मग मंडपाचा परवाना, डीजेचा आवाज, विसर्जन मार्गावर लोंबणाऱ्या तारा, आणि खड्डे. खड्ड्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. शेवटी चहा, फोटो, पाऊण तासात सगळे घरी.

तेव्हापासून मला हे खुपतंय. वातावरण बिघडू नये म्हणून सरकार दोन कामं करतं. एक म्हणजे लोकांना एकत्र बसवणं, दुसरं म्हणजे बिघडलंच तर तयार असणं. दुसऱ्या कामाची घडी पक्की बसली आहे. दंगा काबू योजनेचा सराव चौकात होतो, सणाआधी रूट मार्च निघतो, पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश सारखे निघत असतात. जमावबंदीचंच फौजदारी संहितेतलं पूर्वीचं १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं, तेही ठाण्यात पाठ आहे. पहिल्या कामाच्या वाट्याला काय येतं? १९ ते २५ नोव्हेंबर कौमी एकता सप्ताह, त्यात कार्यालयातली शपथ, आणि सणाच्या तोंडावर ही बैठक.

याच राज्यात हे काम नीट झालेलं आहे. भिवंडीत १९७० ला दंगल झाली, १९८४ ला झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. बीटवरचा, म्हणजे त्या गल्ल्या ज्याच्याकडे असतात तो, पोलीस त्यांच्यात बसायचा. वर्षभर नळाची भांडणं, भाडेकरूंचे वाद, पोरींची छेडछाड असल्या गोष्टी तिथे निघायच्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. कॅमेऱ्यांची आणि बंदोबस्ताची चर्चा रोज ऐकतो. गल्लीतल्या समित्यांबद्दल कोणी बोलताना दिसत नाही.

बंदोबस्त_३१

काका, मी ३१ वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच याच जिल्ह्यात. तुमचा हेतू समजतो पण मत पटत नाही.

भिवंडीचं उदाहरण अर्धं सांगू नका. १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी तिथे बैठका झाल्याच होत्या. मार्ग, गुलाल, घोषणा यांवर सगळं बोलणं झालं होतं. तरी ७ मे ला दंगल पेटली आणि तिचे पडसाद जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाला त्यावर खंडच्या खंड लिहावे लागले. बैठकीत हो म्हणणारा आणि रस्त्यावर दगड उचलणारा हे दोन वेगळे लोक असतात.

आपलंच घ्या. १६ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या निषेधाचा बंद होता, भद्रकालीत दगडफेक झाली. एप्रिल २०२५ मध्ये काठे गल्लीतल्या दर्ग्याच्या अतिक्रमणावरून मध्यरात्री जमाव आला, वीसहून अधिक पोलीस जखमी झाले. अशा वेळी समितीचा सदस्य फोन उचलत नाही. उचलला तरी म्हणतो, "साहेब, ही आमची पोरं नाहीत, बाहेरची आहेत." पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत फोर्स पोहोचला की जमाव मागे सरतो. उशीर झाला की मग राखीव पोलीस (एसआरपी) बोलवा, संचारबंदी लावा, आठवडाभर शहर बंद ठेवा. दंगा काबूच्या सरावाला लोक नाटक समजतात. ढाल कोणाच्या हातात, गॅसगन कोणाकडे, वायरलेसवर कोण, जखमीला कोण उचलणार, हे हाडात भिनलेलं नसेल तर घाबरलेला शिपाई चूक करतो. त्याची एक चूक पुढची पाच वर्षं भोवते.

जुलै २०१८ आठवतो? मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना लोकांनी ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात तशाच जमावातून एका कुटुंबाला पोलिसांनी जिवंत बाहेर काढलं. तिथे समिती नाही, पोलीस उभे राहिले.

जुन्या_नाशकातला

मालेगावच्या त्या पोलिसांना माझा नमस्कार. पण पोलीस येईपर्यंत त्या कुटुंबाला घरात घेऊन दार लावून घेणारे त्याच वस्तीतले होते ना? मला अशीच माणसं यादीत हवी आहेत. मे २०२३ मध्ये त्र्यंबकेश्वरला संदलच्या, म्हणजे दर्ग्याच्या उरुसातल्या, मिरवणुकीवरून राज्यभर गदारोळ उठला, सरकारने विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं. गावात मात्र दोन्हीकडची जुनी माणसं एकत्र बसली. बाहेरचे जितके तापले होते तितकं गाव तापलं नाही.

त्र्यंबक_रोडचा

तुम्हा दोघांचं बोलणं हिंदू-मुसलमानांवरच चाललंय. मी आमच्या, दलितांच्या, बाजूचं लिहितो.

ऑक्टोबर २०१६, त्र्यंबक रोडवरच्या तळेगावची घटना. लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रयत्नाने सगळ्यांचंच रक्त उसळलं होतं, आमचंही. पण दुसऱ्या दिवशी एसटी जळाल्या, आणि काही गावांत दलित वस्त्यांवर जमाव आला. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही त्यांच्या घरांवर. सरकारने मोबाइल इंटरनेट बंद केलं. अफवा थांबावी म्हणून केलं असेल, पण आम्हाला शेजारच्या गावात बहीण सुखरूप आहे की नाही हेही कळेना. ज्याच्याकडे गाडी होती तो बातमी घेऊन फिरत होता, आणि तो सांगेल तेच खरं. अंधारात बसलेल्याला प्रत्येक आवाज जमावाचा वाटतो, हे मी त्या रात्री पाहिलं.

नंतर गावोगाव शांतता बैठका झाल्या. आमच्या बैठकीत काय बोललं गेलं ते सांगतो. "झालं गेलं विसरा. गावात राहायचंय ना? तक्रार मागे घेतली तर बरं." सांगणारे सगळे समितीचे. आणि आम्ही "शांततेला सहकार्य करत नाही" असं आमच्याच तोंडावर म्हणाले. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेतही मी हेच पाहिलं होतं. आर. आर. आबांचा हेतू चांगला होता, बांधाची कितीतरी भांडणं गावातच मिटली. पण गावाला बक्षीस हवं म्हणून दुबळ्याला गप्प बसवणं हेही त्यात झालं. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा पारावर बसून मिटवायचा नसतो.

याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. १९३० च्या रामनवमीला रथ सवर्ण आणि दलित दोघांनी मिळून ओढायचा अशी तडजोड ठरली होती. ती मोडली आणि आमच्या लोकांवर दगड आले. आमच्या घरात ही गोष्ट आजोबांपासून सांगितली जाते. म्हणून बैठक बोलावली की मी आधी विचारतो, शांतता हवी आहे की आमची तक्रार नको आहे?

मेनरोड_दुकान

रोखठोक लिहितो. माझं कापडाचं दुकान आहे. दगडफेकीची नुसती हूल उठली तरी शटर खाली, आणि सणाचा तो दिवस परत मिळत नाही. गल्लोगल्ली समित्या काढल्या तर त्यांची ओळखपत्रं होतील, ओळखपत्र गाडीच्या काचेला लागेल, आणि पुढच्या महापालिका निवडणुकीत तोच उमेदवार. मला बंदोबस्त_३१ यांचं पटतं. ज्याने तोडफोड केली त्याच्याकडून भरपाई वसूल करा, कॅमेऱ्यात दिसला त्याला त्याच रात्री उचला.

वडाळ्याची_शिक्षिका

उचलायचं म्हणता, पण कोणाला? माझ्या भावाचं उदाहरण देते. कॉलेजात असताना एका भांडणात त्याचं नाव आलं, पुढे निर्दोष सुटला. त्याला आता बारा वर्षं झाली. तरी गणपती, ईद, निवडणूक, काहीही असलं की नोटीस येते. पूर्वी कलम १०७ ची यायची, आता नव्या कायद्यातल्या १२६ ची. शांतता राखीन असं बंधपत्र लिहून द्यायचं, जामीनदार न्यायचा, अर्धा दिवस बाकावर बसायचं. तो फ्रिज दुरुस्त करतो, त्या दिवसाची मजुरी जाते. गेल्या वर्षी त्याची मुलगी, सात वर्षांची, मला विचारत होती, "आत्या, अब्बू काय करणार आहेत म्हणून त्यांना बोलावतात?"

तरी मी बंदोबस्ताच्या विरोधात नाही. काठे गल्लीच्या त्या रात्री आम्ही दिवे मालवून बसलो होतो. पहाटे गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी दिसली तेव्हा माझी आई रडली, सुटकेने रडली. पोलीस आमचेही आहेत, असं आम्हाला वाटायला हवं आहे. पण वर्षातून आमच्या दारी ते दोनदाच येतात, नोटीस द्यायला आणि गोळा झालेल्या पोरांना हाकलायला. कधीतरी काही कारण नसताना येऊ द्या.

बंदोबस्त_३१

ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. आतली पद्धत सांगतो, समर्थन करत नाही. प्रत्येक सणाआधी वरून विचारणा होते, प्रतिबंधक कारवाया किती केल्या? आकडा द्यावा लागतो. गोपनीयचा, म्हणजे ठाण्यात गुप्त माहिती ठेवणारा, अंमलदार जुनं रजिस्टर काढतो, त्यातली नावं उतरवून चॅप्टर केस, म्हणजे ही बंधपत्राची कारवाई, तयार करतो. नाव वाढवायला कारण लागत नाही, कमी करायला मात्र सही लागते. आणि सही करायला कोणी धजत नाही, कारण उद्या त्याच माणसाने काही केलं तर "याचं नाव कोणी काढलं?" असा प्रश्न येणार. मीही ती सही केलेली नाही. दोन नावं अशी होती की काढायला हवी होती, मला तेव्हाही माहीत होतं.

भिवंडीबद्दल एक कबूल करतो. खोपडे साहेबांनी बीटच्या शिपायाला किंमत दिली, ते काम त्यामुळे झालं. आज बीटवरचा पोरगा सकाळी व्हीआयपी बंदोबस्त, दुपारी समन्स, रात्री नाकाबंदी करतो. गल्लीत बसून चहा प्यायला त्याला वेळ कुठे आहे? आणि ओळखी व्हायला लागल्या की बदली. माणूसबळ न देता समित्या काढल्या तर त्या तुमच्या परवाच्या बैठकीसारख्याच होतील.

ढोल_पंचवटी

मी २३ वर्षांचा आहे, पथकात ताशा वाजवतो. बैठकीत तरुण नव्हते असं काका लिहितात. आम्हाला कोणी बोलावतच नाही. अध्यक्ष बैठकीला जातात, मिरवणुकीत पुढे आम्ही असतो. वाकडी बारवपासून निघालो की जहांगीर मशिदीपाशी सगळ्यांचं लक्ष आमच्या हाताकडे असतं. तिथे वाजवायचं की थांबायचं हे त्या क्षणी आमच्यातलाच एक जण ठरवतो.

एक वर्षी तिथे गर्दी दाटली आणि मागून ढकलाढकल सुरू झाली. कडेला उभा असलेला एक मुलगा माझ्याबरोबर आयटीआयला होता. मी त्याला हाक मारली, त्याने त्याच्याकडच्या पोरांना मागे घेतलं, मी ताशा थांबवला. दोन मिनिटांत वाट मोकळी झाली. आमची ओळख समितीत नाही झाली, वर्कशॉपमध्ये झाली. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारने २९ ची सुट्टी दिली. त्या पोराने मला तेव्हा मेसेज केला होता, "उद्या तू पाणी वाटायला ये." मी गेलो. यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. म्हणून मला समितीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं की पोरं एकत्र शिकली, एकत्र खेळली पाहिजेत. वस्त्या वेगळ्या होत चालल्यात, शाळाही. त्यावर कोणतंच ठाणं काही करू शकत नाही.

जुन्या_नाशकातला

त्र्यंबक_रोडचा, तुमचं वाचल्यावर मला माझा मुद्दा बदलावा लागतोय. मी समितीकडे फक्त जोडणारी गोष्ट म्हणून पाहत होतो, ती कोणाला दाबूही शकते हे ध्यानात घेतलं नव्हतं. तेव्हा पहिली अट अशी, की दाखल झालेल्या किंवा होऊ घातलेल्या गुन्ह्यावर समितीने एक शब्द बोलायचा नाही. दुसरी, माजी-आजी नगरसेवक नकोत, म्हणजे मेनरोडवाल्या भाऊंची काळजी मिटेल. तिसरी, सण नसताना महिन्यातून एकदा बसायचं. नोटिशीच्या यादीचं लेखी अर्जात घालतो. दर वर्षी तपासा आणि निर्दोष सुटलेल्याचं नाव काढा, अशी सरळ मागणी. हा अर्ज घेऊन मी पुढच्या सोमवारी आयुक्तालयात जाणार आहे. कोणी बरोबर येणार का?

त्र्यंबक_रोडचा

पहिली अट लेखी असेल तर सही करतो. तोंडी असेल तर नाही. आणि गावात समिती करायची तर तिची बैठक आमच्या वस्तीत घ्या, दर वेळी देवळाच्या सभामंडपात नको.

मेनरोड_दुकान

माझं मत तेच आहे. पण यादी तपासा ही मागणी योग्य आहे, तेवढ्यावर माझी सही घ्या.

बंदोबस्त_३१

मी येतो. अर्जात बीटच्या अंमलदाराची किमान दोन वर्षं बदली करू नये असं टाका, नाहीतर बाकी सगळं कागदावर राहील. आणि बैठक दुपारी चारला ठेवू नका, तेव्हा सेवानिवृत्तच येतात. रात्री आठला ठेवा, पोरं कामावरून सुटलेली असतात.

वडाळ्याची_शिक्षिका

आठला आमच्याकडच्या बायका येणार नाहीत, स्वयंपाकाची वेळ असते. रविवारी सकाळी अकरा ठेवा. माझ्या शिकवणीची खोली रिकामी असते, पंचवीस माणसं बसतील.