विषय: ब्रेकनरिज–व्हेल–ॲस्पेन, आईबाबांना घेऊन

नमस्कार मंडळी,

साताऱ्याहून आईबाबा आलेत. मुलांना स्कीइंग करायचंय, या दोघांना डोळे भरून बर्फ बघायचाय. जानेवारीतल्या लाँग वीकेंडला शनिवारी सकाळी डेन्व्हरजवळच्या अरोराहून निघून कोलोरॅडोच्या डोंगरातलं ब्रेकनरिज, रविवारी व्हेल, सोमवारी ॲस्पेन आणि मंगळवारी घरी, असा बेत आहे. ॲस्पेनहून येताना ट्विन लेक्सच्या बाजूने, इंडिपेंडन्स पास या घाटरस्त्यावरून यावं म्हणतोय. नकाशावर तोच रस्ता जवळचा दिसतो. वाटेत काय बघण्यासारखं आहे?

– अरोराचा नवा सभासद

*

अरे, बरं झालं आधी विचारलंस.

इंडिपेंडन्स पास १२,०९५ फुटांवर आहे आणि हिवाळा लागला की तो रस्ता बंदच करतात. मेअखेरपर्यंत फाटक उघडत नाही. व्हेलहून ॲस्पेनला जायचं तर आय-७० महामार्ग धरून ग्लेनवुड स्प्रिंग्ज आणि तिथून ८२ नंबरच्या रस्त्याने ४० मैल. सगळे मिळून शंभरेक मैल होतात. परतीचा रस्ताही तोच. त्या एका दिवसात दुसरं काही ठरवू नकोस.

दुसरं म्हणजे वार. शनिवारी सकाळी अख्खं डेन्व्हर डोंगराकडे निघतं आणि सुट्टीच्या सोमवारी दुपारी सगळं खाली उतरतं. रजा मिळत असेल तर गुरुवारी निघ.

आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा पावणेदोन मैलांचाच आहे, पण पलीकडे हवा निराळी असू शकते. एकदा मी अलीकडच्या कोरड्या रस्त्यावरून आत शिरलो आणि पलीकडे भुरभुर बर्फात बाहेर पडलो. पुढच्या ट्रकने रस्त्यावरच्या मीठपाण्याचा चिखल काचेवर उडवला. फवारा मारायला गेलो तर टाकीत उन्हाळ्यातलं पाणी, तेही गोठलेलं. समोरची काच राखाडी झाली, खाली सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा तीव्र उतार आणि मागच्या सीटवर नातू. खिडकी उघडून, डोकं बाहेर काढून कडेला गाडी घेतली. अजून आठवलं की हातपाय गार पडतात. काच धुवायच्या टाकीत उणे वीस फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं पाणी भरल्याशिवाय निघू नकोस.

तो उतार कसारा घाट समजून उतर. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही.

टायर आजच बघ. आय-७० च्या मॉरिसन ते डॉट्सेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरच्या खाचा निदान ३/१६ इंच खोल लागतात. क्वार्टरचं, म्हणजे २५ सेंटचं नाणं खाचेत उलटं घालून बघ, वॉशिंग्टनच्या डोक्याच्या वरचा भाग दिसला तर टायर बदल. गाडी भाड्याची असेल तर ‘ऑल व्हील ड्राइव्ह आहे’ एवढ्यावर विसंबू नकोस, स्वतः वाकून बघ. मला एकदा गुळगुळीत टायरची गाडी दिली होती.

व्हेलच्या अलीकडचा घाट, व्हेल पास, बंद झाला तर वाट काढायला जाऊ नकोस. कॉपर माउंटन किंवा फ्रिस्कोला थांब, खोली मिळेल ती घे. आम्ही एकदा रस्त्यातच अडकलो तेव्हा पाव टाकी पेट्रोल होतं. हीटर दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद, असे तीन तास काढले. अर्ध्याच्या खाली काटा येऊ द्यायचा नाही.

– लिटलटनचे काका

*

बाळा, मी आईबाबांचं बोलते.

ब्रेकनरिज गाव ९,६०० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त उंचीवर. माझी आई तिथे पहिल्याच रात्री डोकं धरून बसली. तिला मळमळायचं, झोपलं की धाप लागायची. ती ‘प्रवासाचा शीण आहे’ म्हणत राहिली आणि आम्हीही तेच धरून बसलो. सकाळी खाली आणलं, संध्याकाळी तिने स्वतःहून चहा मागितला. आम्ही रात्रीच उतरायला हवं होतं, ही रुखरुख मला अजून आहे. बाबांना बीपीची गोळी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोल. आणि तिथे धाप वाढली तर सकाळची वाट बघू नका.

माझं ऐकशील तर मुक्काम ग्लेनवुडला कर. ते ५,७०० फुटांच्या आसपास आहे, आपल्या डेन्व्हरपेक्षा थोडंसंच वर. तिथला गरम पाण्याचा मोठा तलाव १८८८ पासून आहे. चहूकडे बर्फ आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी, आईच्या गुडघ्यांना किती बरं वाटेल! तुम्ही मुलांना घेऊन ॲस्पेनला दिवसभर जाऊन या.

ब्रेकनरिजला स्वयंपाक करणार असाल तर कुकर न्या. तिथे पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तास झाला तरी बोटचेपी होत नाही. कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त द्या.

– काकू, त्याच घरातून

*

काका, काकू,

बाबांना दोन्ही मेल वाचून दाखवले. त्यांची बीपीची गोळी आहेच, उद्या डॉक्टरांना फोन करतो. ब्रेकनरिजचा मुक्काम रद्द केला, मुलं तिथे दिवसभर खेळतील आणि रात्री ग्लेनवुड. गुरुवारी पहाटे निघतोय. टायरमध्ये नाणं घालून बघितलं, मागचे दोन्ही बदलावे लागणार.

तुमच्याकडे बर्फात टायरवर चढवायच्या चेन आहेत का? लावायला शिकवाल?

*

आहेत, गॅरेजमध्ये. पण त्या तुझ्या टायरच्या मापाच्या हव्यात, टायरच्या कडेला लिहिलेला आकडा कळव. मंगळवारी सहाला ये, अंधारात हातमोजे घालून लावायचा सराव करू. आईबाबांनाही आण, जेवूनच जा.