झाऊ तगतो, पण रुजतो कुठे?

‘झाऊसारख्या वाळवंटी झुडपांची मुळं इतकी खोल असतात की भूजल खाली गेलं तरी त्यांना फरक पडत नाही’ असं बरेचदा म्हटलं जातं. जुन्या झुडपांपुरतं ते थोडंफार पटतं. पण तेही पाणी हळूहळू उतरलं तर. मुळांच्या वाढीपेक्षा ते भरभर खाली गेलं, तर शेंडे वाळायला लागतात.

चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या तारीम नदीचं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये दाशीहायझीचं धरण झालं आणि खालचं सुमारे ३२० किलोमीटरचं पात्र कोरडं पडलं. २००० पासून वरून पाणी सोडायला लागले, तशी पात्रालगतची भूजलपातळी चढली आणि मरगळलेला झाऊ पुन्हा हिरवा झाला. इथपर्यंत छान. घोडं अडतं ते पुढच्या पिढीपाशी. झाऊचं बी म्हणजे धुळीच्या कणाएवढं, डोक्यावर केसांचा झुबका. वाऱ्यावर कुठेही जातं, पण जेमतेम काही आठवडेच जिवंत राहतं आणि रुजायला त्याला ओला गाळ लागतो, तोही पृष्ठभागावर. चार मीटर खाली पाणी असून त्याला काय उपयोग? त्यासाठी पूरच काठाबाहेर पसरायला हवा. नुसतं पात्रातून पाणी सोडलं की म्हातारी झुडपं वाचतात, रोपं मात्र फारशी दिसत नाहीत.

आणि पाणी फार वर आलं तरी पंचाईतच. केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून, वर चढून ते उडून जातं, मीठ मातीत राहतं. झाऊ ते पानांवाटे बाहेर टाकतो, सगळ्यांना कुठे जमतं!