मदत हवी आहे: अर्धं पाणी-अर्धी जमीन करून दिली, पण बेडूक जमिनीवर येतच नाहीत

मंडळी, आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. लेक पाचवीत आहे. परीक्षा संपली की बेडूक पाळायचे, हे तिचं वर्षभर चाललं होतं. मागच्या रविवारी माशांच्या दुकानातून दोन आणले. एक पांढरा, लाल डोळ्यांचा, दुसरा राखाडी. दोन्ही जेमतेम ४ सेंमी. दुकानदार म्हणाले, थोडी जमीन करा, हे एवढेच राहतात.

म्हणून दोन फुटी टाकीत एका बाजूला बारीक रंगीत खडे आणि मातीचा उंचवटा केला, दुसऱ्या बाजूला चार इंच पाणी, थेट नळाचं. पण दोघंही उंचवट्याकडे फिरकत नाहीत. तळाशी पसरून बसतात, मधूनच श्वास घ्यायला वर येतात. राखाडीने मंगळवारपासून काही खाल्लं नाही. माशांचे तरंगणारे दाणे टाकतेय. काल त्याच्या अंगावरून पांढरट पापुद्रा लोंबत होता. बुरशी असेल का? आणि दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं. शेजारचे काका म्हणतात, जमत नसेल तर गोदावरीत सोडून द्या. लेक उठल्या उठल्या टाकीपाशी जाऊन बसते, मला फार धास्ती वाटतेय. प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी पुढच्या पायांची बोटं बघा. बोटांमध्ये पडदा असेल तर आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, तो लहानच राहतो. बोटं सुटी असतील आणि डोळे डोक्यावर, वर बघणारे असतील तर आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. पांढरा, लाल डोळ्यांचा म्हणताय म्हणजे बहुतेक हाच. मादी १०-१२ सेंमीपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर पंधरा वर्षंही जगते. दोन्ही जाती पूर्ण पाण्यातल्या आहेत. अर्धी जमीन लागते ती फायर-बेलीड टोडसारख्यांना. तुमचे बेडूक जमिनीवर गेले तर सुकतील, म्हणून उंचवटा काढा आणि टाकीला जाळीचं घट्ट झाकण लावा. खडेही काढा. हे हातांनी अन्न तोंडात कोंबतात, त्यासोबत खडा पोटात जातो.

पापुद्र्याला घाबरू नका. बेडूक कात टाकतो आणि बहुधा तीच खातो. कापसासारखे पुंजके अंगाला चिकटून वाढत असतील किंवा मांड्या आतून लालसर दिसत असतील, तर मात्र त्याला वेगळं ठेवा आणि पशुवैद्य गाठा.

खरी काळजी पाण्याची. बेडकाची कातडी पाणी शोषते, त्यामुळे क्लोरीन थेट अंगात जातं. अँटी क्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच पाणी भरा. नवी टाकी आहे, घाणीचा अमोनिया साठतो, तेव्हा रोज पाव भाग पाणी बदला. ३१ अंश फार झाले, २४च्या आसपास आणायचं. नाशिकची उन्हाळी हवा कोरडी असते, जाळीवरून छोटा पंखा पाण्यावर सोडा, तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं. बर्फ थेट टाकू नका.

तरंगणारे दाणे बंद करा. गांडुळाचे तुकडे किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या) तळाशी द्या, संध्याकाळी.

आणि नदीत कधीही सोडू नका, हात जोडून सांगतो. चिली, फ्रान्स, कॅलिफोर्निया इथे हाच बेडूक बाहेर सुटला आणि आता तिथल्या पाण्यात ठाण मांडून बसलाय. शिवाय स्वतः आजारी न पडता तो बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी वाहून नेऊ शकतो. आपल्या गोदाकाठी पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारे छोटे बेडूक आहेत, त्यांच्या घरात हा पाहुणा नको.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. बोटं सुटीच आहेत, म्हणजे क्लॉड. खडे, माती सगळं काढलं, अँटी क्लोरीन आणलं. पंख्याने पाणी २८वर आलंय. काल रात्री राखाडीने गांडुळाचा तुकडा दोन्ही हातांनी तोंडात ढकलला, लेक नाचलीच! काकांनाही नदीचं समजावलं. आता एकच विचारते: गांडुळं सोसायटीच्या बागेतली चालतील का? तिथे माळी औषध मारतो.

प्रतिसाद:
त्या बागेतली अजिबात नको, ताई. गांडूळखत करणाऱ्या कुणाकडून मूठभर आणा, एका कुंडीत ओल्या मातीत ठेवलीत तरी टिकतात. देण्याआधी साध्या पाण्यात धुवा. आणि टाकीत हात घालण्याआधी लेकीच्या हाताला साबण राहिलेला नाही ना, तेवढं बघा.